जुन्या जीपचा दिवा मंद का होतो?

गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे ग्रामीण भागातील रस्ते रात्रीही जागे असतात. उसाने भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, दुधाची वाहने व पहाटेच्या बाजारासाठी निघालेले भाजीपाल्याचे टेम्पो यांची ये-जा अंधारातच चालू असते. अशा रस्त्यावर एकच दिवा लागलेली जुनी जीप समोरून आली, तर ती पाहणाऱ्यास मोटारसायकल वाटते व तो तिला मोटारसायकलीपुरतीच जागा सोडतो. दोन्ही दिवे लागलेले असूनही ते मिणमिणते असतील, तर धोका निराळ्या प्रकारचा असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर तोडते. चालकाला वस्तू दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर सहज संपते आणि जुन्या गाडीचे ब्रेक लागून ती थांबावयाची असते त्यानंतर. तेव्हा दिव्याचा उजेड किती दूर पोहोचतो, ही केवळ सोयीची बाब नव्हे.

जीप हे वाहन विस्तार कार्यकर्त्यांना नवे नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेस प्रारंभ झाला आणि गट विकास अधिकाऱ्याची जीप हे गावोगाव ओळखीचे दृश्य बनले. अमेरिकेतील विलिस कंपनीच्या नमुन्याच्या या गाड्या मुंबईत प्रथम जुळविल्या जाऊ लागल्या व पुढे येथेच तयार होऊ लागल्या. सरकारी सेवेतून बाद झालेल्या अनेक जीपगाड्या लिलावातून शेतकऱ्यांच्या दारी आल्या आणि त्यांपैकी काही आजही खत, बियाणे व माणसे वाहत आहेत. इंजिनाची निगा मालक आवडीने राखतो. दिव्यांच्या वायरी मात्र बहुधा गाडी घेतल्या दिवसापासून जशाच्या तशाच असतात.

आमच्या घरी अशीच एक जीप आहे. वडिलांनी ती लिलावात घेतली व मीही तीवरच गाडी चालवावयास शिकलो. काही वर्षांपूर्वी तिचा उजवा दिवा मंद पडला. मी बल्ब बदलला. फरक पडला नाही. दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा बल्ब आणला. तोही तसाच मिणमिणला. तेव्हा एका दुरुस्ती करणाऱ्याने १०० वॅटचा बल्ब घालण्याचा सल्ला दिला व कृषिशास्त्राची पदवी घेतलेल्या मी तो मुकाट्याने मानला. दोन रात्रींत होल्डरचे प्लॅस्टिक वितळून वास येऊ लागला. उजेड तेवढाच राहिला. त्याच आठवड्यात एका गावची रात्रीची सभा आटोपून परत येताना रस्त्यात उसाची एक ट्रॉली उभी होती. टायर फुटल्यामुळे ती तशीच सोडून चालक गेला होता. मागे दिवा नव्हता, चमकपट्टीही नव्हती, केवळ चाकांभोवती दगड मांडलेले होते. ती मला दिसली ती इतक्या जवळून की, गाडी साइडपट्टीवरून खाली घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शेजारी वडील बसलेले होते. इजा कोणासही झाली नाही. मात्र घरी पोहोचेपर्यंत दोघांपैकी कोणीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका वृद्ध वायरमनला गाडी दाखविली. त्यांनी बल्बाकडे पाहिलेही नाही. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड वायर त्यांनी उजव्या दिव्याच्या अर्थच्या टोकास नुसती टेकविली, आणि दिवा डाव्या दिव्याच्या बरोबरीने उजळला. ते म्हणाले, “साहेब, वीज जाते कुठून ते सगळे बघतात. परत येते कुठून ते कोणी बघत नाही.” आदल्या वर्षी आम्ही गाडीस नवा रंग दिला होता. रंगाऱ्याने दिव्याच्या अर्थची वायर सोडली, मडगार्ड रंगविले आणि त्या ताज्या रंगावरच वायरीचे थिंबल पुन्हा कसून टाकले. रंग हा विजेस अडथळा. स्क्रूच्या आट्यांतून जी काही वीज वाट काढीत होती, तेवढ्यावरच तो दिवा वर्षभर जळत होता.

हा अनुभव येथे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, जुन्या वाहनांच्या मंद दिव्यांत या प्रकारचा दोष फार वेळा आढळतो आणि तो सोडून इतर सर्व भाग बदलले जातात.

शेतकरी बंधूंना विजेचा प्रवाह समजावून देताना पाइपलाइनची उपमा देण्याची पद्धत आहे व ती काही अंशी योग्यही आहे. बॅटरी हा पंप, वायर ही नळी, आणि गंजलेला जोड म्हणजे नळीत अडकलेला गाळ. परंतु पाणी एकदा शेतात पडले, म्हणजे पंपाचे काम संपते. विजेचे तसे नाही. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून जाऊन पुन्हा बॅटरीच्या दुसऱ्या टोकास पोहोचलीच पाहिजे; अन्यथा ती मुळी निघतच नाही. मोटारगाडीत परतीसाठी स्वतंत्र वायर पूर्ण लांबीभर टाकीत नाहीत. दिव्याच्या पाठीमागील आखूड वायर मडगार्डास कसलेली असते. तेथून वीज पत्रा, चासी व इंजिन यांतून बॅटरीच्या जाड पट्ट्यापर्यंत जाते. यालाच आपण अर्थ म्हणतो. घरातील अर्थिंग हे शॉक बसू नये म्हणून असते. त्यावाचूनही घरचा दिवा लागतो. गाडीतील अर्थ हा मात्र प्रवाहाचा अर्धा मार्गच होय. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे अर्थची वायर तुटली तरी काय बिघडते, असे पुष्कळांस वाटते. काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत व ट्रॅक्टरांत बॅटरीचे ऋण टोक नव्हे, तर धन टोक चासीला जोडलेले असते. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी जाड पट्टा कोणत्या टोकाचा आहे, हे पाहून घ्यावे.

लहानशा अडथळ्याने एवढा फरक का पडावा, हा प्रश्न साहजिक आहे. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेतो. वाटेतील एखाद्या जोडात केवळ ०.२ ओहम विरोध निर्माण झाला, तरी जवळजवळ १ व्होल्ट तेथेच खर्ची पडतो आणि तो जोड तापू लागतो. बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले, तर उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. १२ ऐवजी १० व्होल्ट मिळाले, तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. मूळच्या ६ व्होल्टच्या गाड्यांत हे अधिकच जाचक होते, कारण तेथे अर्धा व्होल्टदेखील आठ टक्क्यांहून अधिक असतो. १०० वॅटच्या बल्बाने आमचे काम का भागले नाही, हेही यावरून ध्यानात येईल. मोठा बल्ब अधिक प्रवाह मागतो, त्यामुळे दोषी जोडात अधिक व्होल्ट हरपतात व अधिक उष्णता निर्माण होते. बल्बास वाढीव वीज मिळतच नाही आणि होल्डर मात्र जळतो.

दोष कोठे आहे, हे दिव्याच्या वागण्यावरून पुष्कळसे कळते. म्हणून साधने उघडण्यापूर्वी अंधारात गाडी भिंतीसमोर उभी करून नीट निरीक्षण करावे. एकाच बाजूचा दिवा मंद असेल, तर दोष त्या बाजूच्या वायरीत, होल्डरमध्ये किंवा अर्थमध्ये असावयाचा. दोन्ही दिवे सारखेच मंद असतील, तर बॅटरी, मुख्य स्विच, डिपर किंवा बॅटरीचा जाड पट्टा यांकडे वळावे. दोन्ही बाजूंचा फुल लागतो परंतु डिम लागत नाही, असे असल्यास दोन्ही बल्बांच्या त्याच तारा एकाच वेळी जळल्या असण्यापेक्षा डिपर बिघडला असण्याचा संभव जास्त. जुन्या जीपमध्ये डिपर पायाशी, फळीवर असतो. चिखलाचे बूट व पावसाचे पाणी यांचा सर्व प्रसाद त्यालाच मिळतो. तो काढून स्वच्छ केल्यास बहुधा चालू होतो, आणि न झाल्यास नवा महाग नसतो.

अर्थ पूर्णपणे तुटला असता एक मोठी चमत्कारिक गोष्ट घडते, आणि ती ओळखता आली तर बराच वेळ वाचतो. डिम लावला असता एका बाजूच्या बल्बातील डिम व फुल या दोन्ही तारा लालसर, मंद पेटतात, आणि चालकासमोरील फुलचा निळा दिवाही अंधुकसा लुकलुकतो. वीज डिमच्या तारेतून आत आली. परतीची वाट बंद. म्हणून ती त्याच बल्बाच्या फुलच्या तारेतून उलटी बाहेर पडते व फुलच्या वायरीने पलीकडच्या दिव्यात जाऊन त्याच्या चांगल्या अर्थमधून घरी पोहोचते. पाट फुटला म्हणजे पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यातून वाट काढते, तसाच हा प्रकार. असे दिसल्यास बल्ब, फ्यूज, स्विच यांपैकी कशासही हात लावू नये. मंद दिव्याची अर्थची वायर शोधावी.

इंजिन हळू चालताना दिवे मंद व वेग वाढविताच लख्ख होत असतील, तर दिव्यांचा दोष नाही. जुन्या गाड्यांतील डायनामो कमी वेगात फारशी वीज देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो. थोडा फरक क्षम्य आहे. फार असल्यास बॅटरी, पट्टा व डायनामो तपासून घ्यावा. याच्या उलट बल्ब वारंवार जळत असतील, तर रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज वाढत असण्याची शक्यता असते. इंजिन वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर १४.५ व्होल्टच्या आसपासपर्यंत असावयास हरकत नाही. १५ च्या वर गेल्यास बल्बांबरोबर बॅटरीही खराब होईल. दिवे काही मिनिटे लागून आपोआप विझतात व थोड्या वेळाने पुन्हा लागतात, असेही काही गाड्यांत घडते. फ्यूजऐवजी तेथे तापल्यावर वाकणारी धातूची पट्टी बसविलेली असते व ती अतिरिक्त प्रवाहाची सूचना देत असते. अशा वेळी पट्टीला वळसा घालून थेट वायर जोडणे म्हणजे आगीस आमंत्रण होय. काही जुन्या गाड्यांच्या हेडलाइटच्या मार्गात मुळीच फ्यूज नसतो. तेथे तर ही सावधगिरी दुप्पट हवी.

आता प्रत्यक्ष तपासणी. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो आणि तो कृषिपंपाच्या कामीही उपयोगी पडत असल्याने गावात एखादा तरी असावा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. इंजिन बंद ठेवून दिवे लावावेत व प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे. पूर्ण भरलेली बॅटरी विसावा घेतल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. दिवे लागलेले असताना थोडे कमी दिसेल, परंतु ते १२ च्या बरेच खाली जात असेल, तर आधी बॅटरीचा विचार करावा. नंतर दिवा पेटलेला असतानाच बल्बाच्या टोकांवर मोजावे. आमच्या जीपमध्ये बॅटरीवर १२.३, डाव्या दिव्यावर ११.८ आणि उजव्यावर अवघे ९.६ व्होल्ट भरले होते.

हरवलेले व्होल्ट जाण्याच्या वाटेत गेले की परतीच्या, हे ठरविण्याची युक्ती सोपी आहे. मीटरचे एक टोक बल्बाच्या अर्थच्या टोकास व दुसरे बॅटरीच्या अर्थच्या खांबास लावावे. वाट निर्वेध असेल, तर आकडा शून्याजवळ येतो, ०.२ व्होल्टपर्यंत चालते. अर्ध्या व्होल्टच्या वर असल्यास दोष परतीच्या वाटेत आहे, असे समजावे. आमच्याकडे तो आकडा २.१ आला. त्यानंतर बल्बाकडील टोक न हलविता दुसरे टोक टप्प्याटप्प्याने पुढे न्यावे: प्रथम थिंबलवर, मग मडगार्डच्या खरवडलेल्या पत्र्यावर, मग चासीवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी घेतो, त्यांच्या मधोमध दोष असतो. थिंबलपर्यंत शून्य आणि पत्र्यावर २ व्होल्ट, असे आमच्या बाबतीत झाले. जाण्याच्या वाटेवरही याच रीतीने, बॅटरीच्या दुसऱ्या खांबापासून स्विच, डिपर व होल्डरपर्यंत मोजीत जावे.

येथे एक फसगत होते व ती जाणत्यांचीही होते. होल्डरमधून बल्ब काढून रिकाम्या टोकांवर मीटर लावला, म्हणजे तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो आणि मनुष्य वायरिंग निर्दोष ठरवून मोकळा होतो. प्रवाह वाहत नसेल, तर गंजलेल्या जोडातही व्होल्ट हरपत नाहीत. नळ बंद असताना चोंदलेल्या नळीतही दाब पूर्ण दिसतो, तसेच हे. म्हणून मोजणी नेहमी दिवा पेटवूनच करावी. मीटर नसल्यास जाड वायरीचा सुटा तुकडा, बॅटरीच्या अर्थच्या खांबापासून दिव्याच्या अर्थच्या टोकापर्यंत, टेकवून पाहावा. उजेड वाढला तर निदान झाले. हा तुकडा चुकूनही बॅटरीच्या दुसऱ्या खांबास लागता कामा नये.

दुरुस्ती निदानाच्या मानाने क्षुल्लक आहे. प्रथम बॅटरीचा अर्थचा पट्टा सोडावा व काम संपल्यावर तोच शेवटी जोडावा. बोटात अंगठी असल्यास काढून ठेवावी, आणि चार्जिंग होत असलेल्या बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये, कारण तिच्यातून ज्वलनशील वायू निघतो. थिंबलखालील पत्रा पॉलिश कागदाने रुपयाएवढ्या जागेत चकचकीत होईपर्यंत घासावा. थिंबलही घासावे, वायर त्याच्या तोंडाशी हिरवी किंवा काळी पडली असेल, तर कापून नवे थिंबल दाबून बसवावे. स्क्रू कसल्यानंतर जोडावर पेट्रोलियम जेली लावावी, म्हणजे ओलावा शिरत नाही. आम्ही याच्याही पुढे जाऊन दोन्ही दिव्यांच्या अर्थच्या टोकांपासून जाड वायर थेट चासीपर्यंत नेली. मडगार्ड पुन्हा रंगविले तरी आता बिघडणार नाही. बॅटरी ते चासी व चासी ते इंजिन हे पट्टेही त्याच वेळी सोडून घासून घ्यावेत.

शेतावरील वाहनास दोन शत्रू शहरातील वाहनापेक्षा अधिक असतात. खताची पोती वाहताना सांडलेली भुकटी हवेतील ओलावा शोषून घेते व पितळी आणि तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढविते. खत वाहून आणल्यावर गाडी झाडून काढण्याचा कंटाळा करू नये. दुसरा शत्रू उंदीर. धान्याच्या कोठाराशेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या वायरींचे वेष्टन तो कुरतडतो आणि उघडी वायर पत्र्यास लागून फ्यूज उडतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणारे लोक अद्याप आहेत. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

ट्रॅक्टरच्या दिव्यांसही वरील सर्व विवेचन लागू पडते. फरक एवढाच की, तेथे धक्के फार असल्याने थिंबल सैल होण्याचे प्रमाण अधिक असते आणि दिवे बॉनेटवर किंवा मडगार्डवर असल्याने परतीची वाट बिजागऱ्या व रंगविलेले नट-बोल्ट यांतून जाते. बिजागरी ही विजेची वाट नव्हे. तेथे स्वतंत्र वायर टाकावीच.

बल्ब खरोखर जळला असल्यास त्याच व्होल्टचा व त्याच वॅटचा घ्यावा. हॅलोजन बल्बाच्या काचेस बोटे लावू नयेत. हाताचा तेलकटपणा काचेवर राहून ती जागा अधिक तापते व बल्ब लवकर जातो. परावर्तकाची चकाकी गेलेली असेल, तर फडक्याने घासल्याने ती आणखी जाते. तो भाग बदलणेच इष्ट. काही जुन्या गाड्यांत काच, परावर्तक व तार हे सर्व एकजीव असते. तेथे तार तुटली की संपूर्ण दिवा बदलावा लागतो. हल्ली जुन्या परावर्तकात एलईडी बल्ब घालण्याची प्रथा पडली आहे. तो परावर्तक तारेच्या बल्बासाठी घडविलेला असतो. प्रकाशाचा उगम जागेवरून सरकला, म्हणजे उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मला ही प्रथा पसंत नाही. तद्वतच उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनविलेले दिवे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत; त्यांचा डिम उजवीकडे अधिक पसरतो आणि आपल्याकडे समोरचा चालक नेमका त्याच बाजूने येतो.

दिवा काढून पुन्हा बसविला असल्यास त्याची दिशा जुळविणे राहून जाते. गोदामाच्या भिंतीपासून १० मीटरवर, सपाट जागी, नेहमीचा भार ठेवून व टायरांतील हवा तपासून गाडी उभी करावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी व तिच्याखाली १० सेंटीमीटरवर दुसरी. डिम लावून एक दिवा पोत्याने झाकावा आणि दुसऱ्याच्या उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर येईपर्यंत त्याचे स्क्रू फिरवावेत. मग दुसऱ्या दिव्याचे तसेच करावे. डाव्या बाजूस ती कड किंचित वर चढलेली दिसल्यास ते योग्य समजावे. ट्रॉलीत माल भरला, म्हणजे गाडीचे तोंड वर उचलले जाते. म्हणून मालवाहतुकीच्या दिवसांत ही जुळणी भरलेल्या गाडीवरच करावी.